तात्यांचा तांबडा रंग

त्या वर्षी कालवं जड निघाली, म्हणून घरात आधी आनंदच झाला.

ओहोटीला सूनबाई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून तराफ्याखालचे दोर सोडवत होती आणि तिचा नवरा होडीत वाकून ते वर ओढत होता. नवरा होड्यांचा सुतार, हाताने दणकट. पण एकेक दोर असा भरला होता की त्याच्या दंडाच्या शिरा तटतटल्या.

"काय खाऊ घालतेस यांना?" तो धापा टाकत म्हणाला. "मला असलं काही मिळाल्याचं आठवत नाही."

"तुम्ही पण दोन वर्षं दोराला लटकून राहा, तुम्हालाही मिळेल."

टोपली भरली. ती दोघांनी मिळून उचलली तेव्हा होडी एका अंगाला कलली. काठावर सासरे, म्हणजे तात्या, उलट्या घातलेल्या होडीचं बूड खरवडत होते. केसांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर तांबडी धूळ. त्यांनी टोपली पाहिली आणि हातातला पत्रा उंच करून सलाम ठोकला. तीन वर्षांपूर्वी सूनबाईने खाडीत कालवं वाढवायचं काढलं तेव्हा आळीतले लोक हसले होते. खडकावर आपोआप लागणारी वस्तू कोण वाढवत बसतं? तात्यांनी मात्र मोडीत निघालेल्या एका होडीच्या फळ्या काढल्या, पिंपं आणली आणि आठवडाभर खपून तिला तराफा बांधून दिला.

खाडीपलीकडच्या बाजारात एक खानावळवाली होती. तिचंच गिऱ्हाईक मोठं. तिने टोपली पाहून हात पुसले, एक कालव उचललं, तळहातावर जोखलं आणि हसली. मग सुरी घालून फोडलं. कवच सरळ उघडेना. पापुद्र्यापापुद्र्याने तुटत गेलं. पापुद्र्यांच्या मधे पोकळ्या आणि त्यात चिकट, बुळबुळीत पाणी. शेवटी आत मांस दिसलं. नखाएवढं, आणि नखाइतकंच पातळ.

तिने दुसरं फोडलं. तिसरं फोडलं.

"बाई," खानावळवाली म्हणाली, "मला माणसांना जेवायला घालायचंय, घर नाही बांधायचं."

शेजारच्या मासेवाल्या फिदीफिदी हसल्या. त्यांतली एक म्हणाली, "पायरीला दोन दे गं मला." सूनबाईसुद्धा हसली, कारण न हसावं तर आणखी वाईट दिसलं असतं. टोपली कमरेवर घेऊन ती परत निघाली. जाताना जी टोपली मिरवत नेली तीच येताना हाडांत रुतत होती.

घरी अंगणात बसून तिने सगळी कालवं फोडली. सगळी तशीच. बोटं चिरली तरी ती फोडत राहिली. सासूबाई, माई, शेजारी बसून कवचं बाजूला सारत होत्या.

"बी खराब असेल," नवरा म्हणाला.

"पाणी तापलंय यंदा," तात्या म्हणाले. "माझ्या लहानपणी पाण्यात उतरलं की दात वाजायचे."

"आता दातच कुठे आहेत वाजायला," माई म्हणाल्या.

सूनबाईची बहीण मासे डब्यात भरायच्या कारखान्यात कामाला होती. तिथे बायका घेत होते. दिवसभर बर्फात हात घालून माशांची डोकी उडवायची. बहिणीने मागेही विचारलं होतं, तेव्हा सूनबाईने नाक मुरडलं होतं. आता तिने निरोप पाठवला की पुढच्या महिन्यात येऊन बघते. नवऱ्याने ते ऐकलं आणि रंधा जरा जोरात मारला, एवढंच.

त्याच आठवड्यात जाळीवाली आली.

शहरातल्या प्रयोगशाळेतून आलेली, पंचविशी-तिशीची बाई, पाठीवर पोतं, डोक्यावर बायकांना न शोभणारी मोठी टोपी. तिला खाडीत वर-खाली फिरायला होडी हवी होती. तिच्याकडे नरसाळ्याच्या आकाराची लांब जाळी होती, इतकी तलम की माईंनी ती गालाला लावून पाहिली. खालच्या टोकाला बाटली बांधलेली.

"हिच्यात मासा अडकणार कसा?" माईंनी विचारलं.

"मासा नकोय, माई. मला प्लवक हवेत."

"पालक? खाडीत?"

जाळीवाली इतकी हसली की तिच्या कपातला चहा सांडला. मग तिने समजावून सांगितलं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारं गवत तरंगत असतं. ते गवत खाणारे कण्यांएवढे किडे असतात. त्यांना खाणारे आणखी थोडे मोठे. ते सगळं लहान मासे खातात, लहान माशांना मोठे. कालव तर जागेवर बसून दिवसभर पाणी गाळतं आणि त्यातलं जे येईल ते गिळतं.

"आणि पाण्यात काही वाईट मिसळलं," ती म्हणाली, "तर ते गवतात शिरतं. एकेका कणात अगदी थोडं. पण किडा तसले ढीगभर कण खातो. त्याच्यात जास्त साठतं. मासा तसले ढीगभर किडे खातो."

माईंनी विचार केला. "म्हणजे जावयासारखं. प्रत्येक घरी म्हणतो, थोडंच वाढा, थोडंच वाढा. आणि साठतं सगळं त्याच्याच पोटात."

"अगदी तसंच," जाळीवाली म्हणाली आणि ते आपल्या वहीत लिहून घेते की काय असं सगळ्यांना वाटलं. पण तिने बिस्किट उचललं.

होडी सूनबाईने चालवायची ठरली. तिला आता तराफ्यावर काम नव्हतं. जाळीवालीला होडी लागायची. ती एक हात काठावर घट्ट धरून, तोंड वाऱ्याकडे करून बसायची, आणि मळमळू नये म्हणून सारखं काहीतरी खायची. तरी कामात कसूर नाही. खाडीच्या तोंडाशी जाळी टाकली, सूनबाईने सावकाश वल्ही मारली, जाळी वर काढली, तर बाटलीतलं पाणी दाट तपकिरी. उन्हात धरलं तेव्हा आत काहीतरी टुणटुण उड्या मारत होतं.

"अगबाई! हे जिवंत आहेत?"

"सगळे. हेच तुमच्या कालवांचं जेवण."

सूनबाई कितीतरी वेळ बाटली डोळ्यांशी धरून बसली. जन्मापासून ती या पाण्यावर होती आणि तिला कोणी सांगितलं नव्हतं की पाण्यात अशी जत्रा भरलेली असते.

पुलाखाली जाळी टाकली. तिथेही पाणी गढूळ, उड्या मारणारं. मग घरासमोर, होड्या वर ओढायच्या दगडी उतारापाशी टाकली. बाटली वर आली ती काचेसारखी नितळ.

"बघा!" सूनबाईला आनंद झाला. "आमच्या दारचं पाणी बघा कसं आहे. वरून खाली दिसतंय."

जाळीवालीने जाळी धुतली आणि पुन्हा टाकायला सांगितली. पुन्हा नितळ. तिसऱ्यांदा तराफ्याच्या अगदी जवळून नेली. बाटलीच्या तळाशी थोडा गाळ, आणि तो हलत नव्हता.

"ताई, स्वच्छ पाणी चांगलं नसतं का?"

"हे स्वच्छ नाही. हे रिकामं आहे."

दोघींनी काठाकडे पाहिलं. तात्या होडीखाली उताणे पडून बूड खरवडत होते. खपल्या पाऊस पडावा तशा त्यांच्या छातीवर पडत होत्या. मधूनच ते उठून बादलीभर पाणी मारत, आणि तांबडा ओघळ दगडावरून वळवळत खाडीत उतरे. तो ओघळ सूनबाईने रोज पाहिला होता. घरातल्या न्हाणीचं पाणी पाहावं तसा.

"हा रंग कुठला?" जाळीवालीने हळूच विचारलं.

रंगाची गोष्ट आळीत सगळ्यांना ठाऊक होती. होडीच्या बुडाला पांढरे, टणक, टोकदार जीव चिकटतात. सगळे त्यांना चिकटेच म्हणत. चिकटे बसले की होडी जड होते, हळू चालते, तेल पिते. तात्यांच्या तांबड्या रंगावर चिकटा बसायचा नाही. हा रंग आता कुठे मिळत नसे. मागे एक मोठा जहाजांचा कारखाना बंद पडला तेव्हा तात्यांनी तिथून डब्यांची रास आणून शेडमध्ये रचली होती, आणि ते ती काटकसरीने वापरत आले होते. दूरदूरच्या होड्या त्यासाठी येत. तात्या नुसते रंगारी नव्हते. ते तांबड्या रंगाचे तात्या होते.

जाळीवालीने एका डब्याचं झाकण वाचलं. तिचा चेहरा पडला. कथिलापासून केलेलं एक औषध त्यात होतं. जिथे तिथे बंदी आलेलं. कालवांची कवचं त्यानेच जाड होतात, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्ष पहिल्यांदा पाहत होती.

"मी सांगू त्यांना?" तिने विचारलं.

"नको," सूनबाई म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तर ते तुम्हाला चहा पाजतील आणि ऐकणार नाहीत. मी सांगते."

तिने दुपारच्या जेवणाला सांगितलं. पाठ केल्यासारखं सांगितलं, खाली बघून. कालवं, गवत, किडे, रिकामी बाटली, तांबडा ओघळ. तात्यांचा हात ताटात थांबला.

"माझा रंग विष आहे?"

"तात्या, चिकटे मारायलाच तर तो—"

"चिकटे वेगळे, कालवं वेगळी!"

"पाण्याला ते कसं कळणार?"

माईंनी जीभ चावली. नवरा भात चिवडत राहिला. त्याचा बाप एकीकडे, बायको एकीकडे, आणि मधे आमटीचं भांडं. तात्यांनी ताट सरकवलं, हात धुतले आणि शेडमध्ये जाऊन दार ओढून घेतलं. बाकीच्यांना ऐकू आलं ते पत्र्याचं खरवडणं. नेहमीपेक्षा दुप्पट जोरात.

दुसऱ्या दिवसापासून तात्या सुनेशी बोलेनासे झाले. बोलायचं असेल तर माईंच्या मार्फत.

"माई, सूनबाईंना सांग, मीठ इकडे द्या म्हणावं."

मीठ सूनबाईच्या हाताशी आणि सूनबाई तात्यांच्या हाताशी. तिने मीठ सरकवलं. "माई, तात्यांना सांगा, आणखी भात आहे."

"माई, सांग, नको."

"माई, सांगा, सकाळीही कमीच जेवलात."

"मी काय टपालखातं आहे?" माई कडाडल्या. "दोघांनी चिठ्ठ्या लिहा. मला जेवू द्या."

नवऱ्याला ठसका लागला. सूनबाईने ओठ दाबले. तात्यांच्या मिशीखालीही काहीतरी हललं असावं, पण ते उठून गेले.

जाळीवाली जाण्याआधी दोन काचेच्या बरण्यांत खाडीच्या तोंडाचं पाणी ठेवून गेली. आठवड्याने परत येणार होती. बरण्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होत्या. उन्हात आतले कण टुणकन वर जात, सावकाश खाली येत, पुन्हा टुणकन वर. माई काम करता करता बघत उभ्या राहायच्या. शेजारणी बघायला येऊ लागल्या. तात्या दारातून जाता येता मान वळवायचे आणि पुन्हा सरळ करायचे.

एका दुपारी ते आत आले. बरणीपाशी वाकले. चष्मा लावला.

"माई," ते म्हणाले, "सूनबाईंना सांग की मी यातल्या एका बरणीत माझ्या रंगाची खपली टाकतोय. आणि बरण्या शेडमध्ये ठेवतोय, म्हणजे कोणी लबाडी करायला नको. उद्या ही मंडळी आणखी जोरात नाचत असतील."

"सांगते," माई म्हणाल्या. सूनबाई त्यांच्या खांद्याशीच उभी होती.

सकाळी शेडमधून आवाज नाही. चहा गार झाला. शेवटी तात्या आले आणि भिंतीला म्हणाले, "बरणीला साबण राहिला होता."

त्यांनी दोन्ही बरण्या स्वतः धुतल्या. वाळूने घासल्या, राखेने घासल्या, पाच-सहा पाण्यांतून काढल्या. मग स्वतः होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी गेले, स्वतः पाणी आणलं. येताना वाऱ्याने टोपी उडाली ती आणायला थांबले नाहीत, म्हणजे किती घाईत होते ते कळावं. या वेळी खपली आधीपेक्षा लहान, तांदळाच्या दाण्याएवढी.

पुन्हा तेच. खपली नसलेल्या बरणीत जत्रा. दुसरीच्या तळाशी राखेसारखा थर.

तिसऱ्यांदा त्यांनी सुईच्या टोकावर राहील एवढा रंग घेतला. तो पूर्ण दिवस ते शेडमध्ये स्टुलावर बसून राहिले. गिऱ्हाईक आलं त्याला नंतर ये म्हणाले. नवरा फळी न्यायला आत गेला तर तात्या बरणीशी बोलत होते.

"हं, चल. चल की. आता तर वर आला होतास. दमला का? बरं, बस जरा."

नवरा फळी न घेताच बाहेर आला.

संध्याकाळच्या उन्हात तात्या अंगणात आले. सूनबाई दोर उन्हात पसरत होती. ते तिच्यासमोर उभे राहिले. माई दारात होत्या. पण त्यांनी माईंकडे पाहिलं नाही.

"सूनबाई."

"हं."

"मी जन्मभर लोकांना सांगत आलो की माझ्या रंगासारखा रंग नाही." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. सदराच तांबडा, तेव्हा काच आणखी मळली. "ते खरंच होतं. जरा जास्तच खरं होतं."

"चहा ठेवू?" ती म्हणाली.

"ठेव. आणि साखर घाल. आठवडाभर माई रागाने बिनसाखरेचा देतेय."

आता काम निघालं, आणि कामाला अंत नव्हता. जाळीवाली परत आली तेव्हा तिने सांगितलं की डब्यांना, खपल्यांना हात लावताना नाक-तोंड बांधा. एवढी वर्षं उताणे पडून ती धूळ खाल्लेले तात्या फडकं बांधून घ्यायला तयार होईनात. माईंनी मागून जाऊन गाठच मारली. शेडमधले डबे एकेक करून बाहेर काढले. मग उतारावरचा, दगडांच्या फटींतला, दगडाखालचा तांबडा चिखल. तो फावड्याने निघेना, पहारीने निघे. ओहोटीच्या वेळेत खणायचं, पोत्यांत भरायचं, भरती यायच्या आत वर न्यायचं. चिखलाचं ओलं पोतं दोघांना उचलेना. सूनबाईचे हात कोपरापर्यंत सोलवटले. नवऱ्याची कंबर धरली, तो दोन दिवस काटकोनात चालला, आणि आळीतली पोरं त्याच्यामागे तशीच वाकून चालली.

सरकारी गाडी येऊन डबे आणि पोती घेऊन गेली. गाडीवाल्याने विचारलं, "एवढं आलं कुठून?" तात्या फडक्याआडून म्हणाले, "छंद होता मला."

तराफा उतारापासून हलवून खाडीच्या तोंडाशी न्यायचा होता. जाळीवाली म्हणाली होती, चिखलात मुरलेलं लगेच जाणार नाही, पण तिथे पाणी खेळतं आहे. ओहोटी लागली तशी पहाटेच दोन होड्यांनी तो ओढायला घेतला. एका होडीत नवरा-बायको, दुसरीत तात्या एकटे. प्रवाह मदतीला होता, तरी पिंपांवरचं ते धूड कधी या कुशीवर वळे, कधी त्या. दोर होड्यांच्या काठांत रुतत होते. पुलाखाली तराफा आडवा झाला आणि खांबाला अडला. वरून जाणारे लोक थांबून सल्ले देऊ लागले. डावीकडे घ्या म्हणणारे जेवढे, उजवीकडे म्हणणारेही तेवढेच.

"एकेकाने खाली उतरून दाखवा!" तात्या ओरडले. पूल पटकन रिकामा झाला. सूनबाईने वल्हं खांबाला लावून छातीने रेटलं. तराफा कण्हत सुटला.

मग दाढीवाला आला. मोठ्या होडीचा मालक, तात्यांचं जुनं गिऱ्हाईक. दरवर्षी याच दिवसांत होडी वर ओढायचा.

"तांबडा लावा," तो म्हणाला. "दोन हात."

"तांबडा संपला."

"मला म्हणताय? शेड भरलेली मी पाहिलीय."

"रिकामी केली. नवा रंग आणलाय, निळा. त्याने कालवं मरत नाहीत."

"आणि चिकटे?"

तात्यांना हे बोलणं जड गेलं. एवढ्या वर्षांत त्यांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. "चिकटे बसतील," ते म्हणाले. "थोडे. मधे एकदा खरवडून घ्यावं लागेल."

दाढीवाला मोठ्याने हसला. उतारावर आणखी दोघेतिघे होते, त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाला, "म्हातारा सुनेच्या धाकात आला रे!"

सूनबाई उताराशीच उभी होती. तिचे कान तापले. तात्यांनी पत्रा खाली ठेवला.

"आलो," ते म्हणाले. "घरात एखादं धाकाचं माणूस असावं. तुझ्या घरी कोणी नाही, म्हणून बघ तुझी दाढी कशी वाढलीय."

उतारावर हशा पिकला. पण दाढीवाला होडी घेऊन गेला तो गेलाच. त्याच्यामागे आणखी दोन होड्या गेल्या. त्या पावसाळ्यात उतारावर गवत उगवायची वेळ आली. सूनबाई बहिणीबरोबर कारखान्यात जाऊ लागली. बर्फाने तिची बोटं पांढरी पडायची, आणि कितीही धुतलं तरी हातांना माशाचा वास. ती घरी आली की माई गरम पाण्याचं घमेलं पुढे ठेवायच्या. तात्या घमेल्याशेजारी बसून दिवसभरात काय काय झालं ते विचारायचे, आणि तिथला मुकादम कसा आहे हे ऐकून त्याची नक्कल करून दाखवायचे. त्यांनी मुकादमाला कधी पाहिलं नव्हतं, पण नक्कल हुबेहूब असायची. सूनबाई हसता हसता घमेलं सांडायची.

सुट्टीच्या दिवशी ती तराफ्यावर जायची. नवं बी लावलं होतं. ती एखादं कालव काढून बघायची, परत ठेवायची. नवऱ्याने विचारलं तर म्हणायची, "आत्ता काही बोलू नका."

होड्या हळूहळू परतल्या. निळ्या रंगाला चिकटे बसत होते हे खरं. म्हणून ज्या होड्या वर्षातून एकदा यायच्या त्या आता दोनदा येऊ लागल्या. तात्यांची पाठ दुखू लागली. होडीखाली आता ताडपत्री अंथरलेली असे, नवऱ्याने फळ्यांची पन्हळ करून दिली होती, खपली खाली पडू द्यायची नाही. तात्या ताडपत्रीवर उताणे पडून चिकट्यांना शिव्या द्यायचे.

"मेल्यांनो, एवढी जागा पडलीय खाडीत. इथेच बसायचं सुचतं?"

शिव्यांचा आवाज घरापर्यंत यायचा. माई म्हणायच्या, "बरं चाललंय म्हणायचं."

पुढच्या वर्षाअखेर कालवं निघाली. टोपली आधीपेक्षा हलकी होती. कवचं अजून जरा जाडच, पण उघडताना तुटत नव्हती, आणि आतलं मांस अंगठ्याएवढं भरलेलं. जाळीवाली काही नेऊन, तपासून आली आणि खायला हरकत नाही म्हणाली. हे सांगायला ती खास आली आणि येताना होडी लागल्यामुळे हिरवीगार होऊन आली. खानावळवालीने दोन फोडली, एक जागच्या जागी गिळलं, ओठ पुसले आणि विचारलं, "पुढच्या आठवड्याला किती आणशील?" सूनबाईने कारखान्यातली नोकरी सोडली. मुकादमाने जाऊ नको म्हणून फार विनवलं, असं तिने घरी सांगितलं. तात्यांनी लगेच विनवणाऱ्या मुकादमाची नक्कल करून दाखवली.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. सगळे जेवायला बसले होते. तात्या अजून आले नव्हते. खालून त्यांची हाक आली. एकदा, मग पुन्हा, मोठ्याने. माईंच्या हातातला डाव पडला. म्हातारा पडलाबिडला की काय. तिघंही धावत उतारावर आली.

तात्या गुडघाभर पाण्यात, उताराच्या खालच्या दगडापाशी ओणवे झाले होते. चष्मा नाकाच्या टोकावर.

"काय झालं?"

"वाका. इकडे बघा. पायाने नको रे, हळू!"

दगडावर पांढरे ठिपके होते. कोणी रांगोळीची चिमूट टाकून गेल्यासारखे. सूनबाईने बोट फिरवलं. खरखरीत, टोकदार. चिकटे. अगदी तान्हे.

"मी या दगडावर उभा राहून रंग लावायला शिकलो," तात्या म्हणाले. "यावर कधी एक चिकटा पाहिला नव्हता. मला वाटायचं, दगडच गुळगुळीत जातीचा."

नवऱ्याचा हात सवयीने कमरेच्या पत्र्याकडे गेला. "खरवडू?"

तात्यांनी त्याच्या हातावर फटकन मारलं. "खबरदार!"

तेवढ्यात खाडीतून आरोळी आली. दाढीवाल्याची होडी उताराकडे येत होती. एवढे दिवस तो कुठे होता ते कोणी विचारलं नाही. पाण्याच्या रेषेपाशी चिकट्यांचा जाड थर लांबूनच दिसत होता, म्हणजे त्यालाही दुसरीकडे तांबडा मिळाला नव्हता. दाढी मात्र केलेली होती. नवरा आणि सूनबाई ओंडके घालायला धावले. होडी ओंडक्यांवरून घरंगळत वर यायची, आणि वाट नेमकी त्या दगडावरून जात होती.

"अलीकडे घ्या," तात्या म्हणाले. "ओंडके अलीकडे. आणखी. हातभर आणखी."

"अहो तात्या, होडी तिरकी चढेल!" दाढीवाला पाण्यातून ओरडला. "सरळ घ्या की!"

तात्या दगडापुढे पाय रोवून, दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"जरा तिरकीच येऊ दे," ते म्हणाले. "इथं नवं बिऱ्हाड आलंय."